टिब्बी ड्रायबरा आणि गार लोखंड

क्रेगनेस गोल्फ क्लबाच्या दप्तरी, १८६८ साली, नोंद आहे ती अशी:

'इझबेल ड्रायबरा ऊर्फ टिब्बी. वय चाळिशीपुढे. व्यवसाय: दारोदार मासे विकणे. स्वभाव: उद्धट. अपराध: क्लबाच्या हिरवळीवर ओली जाळी पसरणे व हटकले असता हसणे. शरीर: क्लबाच्या डॉक्टरांच्या मते स्त्रीजातीस अनुसरून नाजूक, दीर्घ श्रमास व ओझी वाहण्यास अपात्र.'

डॉक्टरांनी टिब्बीला कधी पाहिलं नव्हतं. कोळणी रस्त्याने चालल्या की ते खिडकी लावून घेत.

भांडण जाळ्यांचं होतं. किनाऱ्यालगतच्या त्या गवतावर टिब्बीच्या पणजीपासून जाळी वाळत आली होती. जाळं ओलं राहिलं की कुजतं, आणि कुजक्या जाळ्यातून हेरिंग मासा हसत निघून जातो; मग हिवाळ्यात कोळीवाड्याने खायचं काय? क्लबाचं म्हणणं असं की जाळ्यांत चेंडू अडकतात. वकील ह्यू कारमाइकल, क्लबाचा सर्वांत तगडा खेळाडू, कोर्टात जायला निघाला होता.

"कोर्टात तुम्ही बोलणार आणि आम्ही ऐकणार," टिब्बी म्हणाली. "मैदानात या की, वकीलसाहेब."

कोळणी दर नववर्षाला याच मैदानात गोल्फ खेळत, हे क्लबाला माहीत होतं. त्याकडे कानाडोळा करायची पद्धत होती. पैज ठरली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत फेऱ्या मारत राहायचं. जो आधी बसेल किंवा मैदान सोडेल, तो हरला. टिब्बी हरली तर जाळी कायमची उचलायची. जिंकली तर पुन्हा कुणी ब्र काढायचा नाही. बाई दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही, म्हणून सचिव प्रिंगल यांनी जूनमधला सर्वांत लांब दिवस निवडला. तो दिवस वकिलालाही तेवढाच लांब पडेल, ही बाब त्यांच्या नजरेतून सुटली.

त्या पहाटे टिब्बीने आधी रोजचं काम उरकलं. नवऱ्याला पाठीवर घेऊन ती लाटांतून होडीपर्यंत गेली. गड्याचे बूट पहाटेच भिजले तर तो दिवसभर समुद्रावर कुडकुडतो, म्हणून तिथल्या साऱ्याच बायका असं करत.

"टिब्बे, आज तरी मी चालत जातो," डेव्ही म्हणाला.

"आणि रात्रभर शिंकून मला जागवतोस. गप बस पाठीवर."

मग ती ओल्या लुगड्यासारख्या जड घागऱ्यानिशी, अनवाणी, मैदानात आली. हातात एकच काठी, लोहाराने घडवलेल्या लोखंडी डोक्याची. कारमाइकलकडे लाकडी डोक्यांच्या नऊ काठ्या होत्या, त्या वाहायला एक म्हातारा होता आणि पायांत खास या दिवसासाठी शिवून घेतलेले करकरीत नवे बूट.

"दमलात तर सांगा, बाई," दुपारी उभ्यानेच गार कोंबडी खात तो म्हणाला.

"सांगेन की," ओटची भाकरी मोडत टिब्बी म्हणाली. "तोवर तुम्ही पाय बदलून बदलून उभं राहणं थांबवा. घोड्याला झोप आल्यासारखं दिसतं."

कडेला उभ्या कोळणी खिदळल्या. प्रिंगल हसले नाहीत. टिब्बी चेंडूवर वाकली, तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "डुक्कर!"

"बाई गं!" कोळणींच्या तोंडून एकदमच निघालं. हा शब्द कोळीवाड्यात कुणी उच्चारत नाही. कानावर पडलाच, तर ताबडतोब गार लोखंडाला हात लावायचा. नाहीतर काम टाकून घर गाठायचं. टिब्बीच्या भावाने एकदा तो हसण्यावारी नेला होता. त्याची होडी परत आली नाही. बायका कुंपणाच्या खिळ्यांकडे धावल्या. टिब्बी पांढरी पडली, आणि घराकडे वळणार तोच तिची नजर स्वतःच्या हातांकडे गेली.

ती काठीच्या डोक्यापर्यंत वाकली आणि लोखंडावर तळहात टेकला. "गार लोखंड," ती पुटपुटली. मग सरळ झाली आणि चेंडू होलात घातला.

"पुन्हा म्हणा की, प्रिंगलसाहेब. हात बरा बसतो."

प्रिंगल हट्टाला पेटले होते. संध्याकाळपर्यंत त्या मैदानात इतकी डुकरं निघाली की म्हातारा काठीवाला म्हणाला, "आता बाजारच भरवा." दर वेळी टिब्बी लोखंडाला हात लावायची आणि पुढे चालायची.

सूर्य कलला तेव्हा वकिलाचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. तो आत उतरला. दोनदा वाळू उडाली, चेंडू जिथल्या तिथे. तिसऱ्यांदा काहीच उडालं नाही.

टिब्बीने काठावरून डोकावलं. "बसलात का, वकीलसाहेब?"

"वाळू पाहत होतो."

"बसून?"

कोळणींनी अशी आरोळी ठोकली की परतणाऱ्या होड्यांवरून उत्तर आलं. कारमाइकलला मात्र उठता येईना. नव्या बुटांनी पायांची साल काढली होती. क्लबातली मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. टिब्बी खड्ड्यात उतरली, पाठ वळवून वाकली आणि म्हणाली, "चढा. गळा आवळू नका, खांदे धरा. डेव्हीसुद्धा लग्नानंतर पहिले काही दिवस गळाच आवळायचा."

तिने त्याला क्लबाच्या पायरीवर, डॉक्टरांच्या समोर, नीट उतरवलं. दुसऱ्या दिवशी हिरवळीवर जाळी पसरली गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

क्लबाच्या दप्तरात 'जाळ्यांबाबतची हरकत मागे' एवढीच नोंद झाली. डॉक्टरांचं मत बदलल्याचं त्यात कुठे नाही.

वकिलाचं वजन सव्वादोन मण होतं.