दाराबाहेरच्या चपला

सलीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात चहा घेत होतो. उंब्रजहून त्याच्या भावानं एवढंच सांगितलं, दुपारी दफन आहे, जमलं तर या... दीड महिना झाला. समोरचं त्याचं टेबल मी अजून आवरलेलं नाही, आवरणारही नाही.

वीस-बावीस वर्षं आम्ही दोघं शाळांचे अहवाल लिहीत आलो. धोरण ठरवणाऱ्यांना खरं काय ते कळलं पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट. पटावरच्या नावांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. शाळेत पोचला की आधी दाराबाहेर उकिडवा बसून पोरांच्या चपलांचे जोड मोजायचा. देवळाबाहेर चपला सांभाळायला बस, म्हणून मी चिडवायचो. हसायचा.

म्हसवडच्या पलीकडं मेंढपाळांच्या एका वस्तीवर पटावर वीस नावं होती आणि दारात सात जोड. गुरुजींनी हात जोडले. "आवं सर, बाकीची पोरं मेंढरांमागं गेल्यात. आखाडात माघारी येत्यात. तवर नावं ऱ्हाऊ द्या, न्हाईतर शाळा जाईल."

सलीमनं सात लिहिले. खाली पानभर लिहिलं, की या पोरांसाठी कळपांबरोबर फिरणारा शिक्षक द्या. ते पान कुणी वाचलं नाही. पोरं कमी म्हणून शाळा बंद झाली. त्या अहवालावर माझीही सही आहे, हे सांगायलाच हवं.

आषाढात पोरं परतली तर दाराला कुलूप. दुसरी शाळा ओढ्यापलीकडं, दीड तासाच्या चालीवर. पोरी घरीच बसल्या. सलीमनं अर्ज केले, साहेबांचे उंबरे झिजवले. जाईल तिथं त्याचाच अहवाल त्याच्यापुढं सरकवला जायचा. एकदा परतीच्या एसटीत म्हणाला, "गड्या, आकडा खरा व्हता रं. खोटा असता तर चुकलो म्हणून माफी तरी मागता आली असती."

पुढं दर आषाढात तो त्या वस्तीवर जायचा आणि बंद दाराबाहेर चपला काढून पायरीवर बसायचा. लय शिकलेला माणूस, पण त्याला दुसरं काही सुचलंच नाही. या आषाढात मी गेलो. कुलूप गंजलंय, दारापुढं गवत माजलंय. मेंढरं हाकत एक पोरगी आली, थांबली.

"ते दुसरं सर न्हाई आलं व्हय?"

ते आता येणार नाहीत, म्हणालो. तिला वाचता येतं का, हे विचारायचा धीर झाला नाही. ती गेल्यावर त्याच्यासारखाच चपला काढून पायरीवर बसलो... मग उठताना सवयीनं पायरीखाली बघितलं. एकच जोड होता, माझा.