शेवटच्या घराची कडी

कॉलेजपासून पत्रकं लिहायची सवय. अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो, मजकूर मागनं येतो. त्यामुळं गल्लीतल्या पाण्यावर माझं पत्रक निघणार हे ठरलेलंच होतं.

आमच्या शहरात नळ रोज येत नाही. आठवड्यातून एकदा येतो, तोही लाईनमन चावी फिरवील तेव्हा. शहागंजच्या मागं आमची बारा घरांची गल्ली, आणि तिची एक जुनी रीत. पहिल्या घरच्या काकूंचा नळ सूं करायला लागला की त्या शेजारची कडी वाजवायच्या, "पाणी आलं गं!" शेजारीण तिच्या पुढची वाजवायची. असा निरोप शेवटच्या घरी, शिलाईवाल्या चाचांकडं जायचा. त्यांचे दोन ड्रम भरले की चाचा ओरडायचे, "हो गया, लगाओ!" मगच बाकीच्यांनी मोटारी लावायच्या. तोवर बटणाला हात लावायचा नाही.

मला या सगळ्याची चीड यायची. शेंद्र्याला माझ्या कंपनीत मशीन स्वतःहून सांगतं, तेल संपलं म्हणून. आणि इथं काकू नळाची वाट बघत आठ आठ दिवस उंबऱ्याबाहेर पडत नाहीत! मी पत्रक काढलं: 'पाण्याची वेळ कळणं हा आमचा हक्क!' बायकांना घेऊन पाण्याच्या ऑफिसात तीनदा ठाण मांडलं. साहेब वैतागून कबूल झाले, की पाणी सोडण्याआधी तासभर लाईनमन गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकील. विजयाच्या पत्रकाखाली मी ठळक अक्षरात छापलं: 'कड्या वाजवायचे दिवस संपले!'

खोटं कशाला बोलू, लई भारी वाटलं. काकू कितीतरी वर्षांनी बहिणीकडं कन्नडला जाऊन चार दिवस निवांत राहून आल्या.

दोन महिन्यांनी एका मोर्चाच्या बॅनरला शिवण घालून घ्यायला चाचांकडं गेले. चाचींनी चहा आणला. घट्ट, वर जाड साय.

"चाची, आज काय ईद आहे का? यात पाण्याचा थेंब नाही!"

"नहीं है बेटा," चाची हसल्या. "घरातच नाही थेंब."

"चूप बैठ ना," चाचा मशीनवरून म्हणाले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या घरात पाऊल टाकलं की आधी पाण्याचा पेला यायचा. आज आलाच नव्हता. उठून मोरीत गेले. दोन्ही ड्रम कोरडे. मेसेजमुळं वेळ सगळ्यांना आधीच ठाऊक, त्यामुळं पाणी सुटलं की अकरा घरांच्या मोटारी एकाच मिनिटाला सुरू होत होत्या, आणि शेवटच्या नळातून नुसती हवा निघत होती. चाचा या वयात मशिदीच्या बोअरवरून कॅन भरून आणत होते.

"दोन महिने झाले! मला सांगायचं नाही?"

"तुझा तो कागद मीच चिकटवला ना भिंतीला," चाचा म्हणाले. "सगळ्या गल्लीचं भलं झालं. एका घरासाठी काय बोंब मारायची?"

आजवर मी ज्याच्यावर संतापले तो कायम टेबलापलीकडं बसलेला असायचा. या वेळी पलीकडं कुणीच नव्हतं. पत्रक माझं होतं, खालचं उद्गारचिन्हसुद्धा.

घरी येऊन ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. सुरुवात सवयीनं 'जाहीर निषेध' अशीच झाली. काकूंचा आवाजी मेसेज आला: "अगं बये, निषेध कुणाचा करतीस? कागद पुरे झाले. कडी कोण वाजवणार ते सांग."

"मी वाजवते."

तिसऱ्या घरचे दादा कुरकुरले, "मेसेज आलाय ना, मग परत कड्या कशाला?"

"मेसेज राहू द्या. पण चाचांचा आवाज यायच्या आत मोटार लावली, तर तुमच्या दारात धरणं धरीन."

"धर की. वर चहा पण मागशील."

पुढच्या आठवड्यात मेसेज आला दुपारी. माझी पहिली पाळी नुकतीच सुटलेली. तासाभरात गल्ली गाठली आणि काकूंचा नळ सूं करताच कंपनीच्या गणवेशातच गल्लीभर कड्या वाजवत गेले. दादांची जरा जास्तच जोरात वाजवली. ते दारात उभे, हात पाठीमागं बांधून. "बघ, लावली नाय," म्हणाले.

शेवटच्या घरात नळ आधी खाकरला, मग धो धो लागला. पहिला ड्रम भरला, दुसरा भरला. चाचा दारात आले आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "हो गया, लगाओ!" एकेक मोटार घरघरायला लागली.

चाचींनी आधी पाण्याचा पेला दिला. मग चहा. फिका, पार पाणचट. मी दोन कप प्यायले.