समुद्राचा नियम, आमच्या तळ्यात

तुम्ही आग्रहच धरलाय म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय काढायला आमच्या घरात बंदी आहे. बायको आत आहे, हसायचं तर जरा हळू हसा.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची गोष्ट. नव्या कचेरीत कारकून हवे होते. मी कोकणातल्या एका बंदरावर कारकून होतो, तिथून खटपट करून बदली घेतली. जळकोटच्या अलीकडे आमचं गाव. मोठ्या हौसेनं आलो, तर दुष्काळ माझ्याआधीच येऊन बसलेला!

गावात मला भाव मात्र भलताच. समुद्र बघितलेला माणूस अख्ख्या गावात मी एकटा. लोक विचारायचे, मी सांगायचो. जरा जास्तच सांगायचो. बंदरावर मी फक्त टपाल बघत होतो आणि एकदाच होडीत बसलो तर ओकलो होतो, हे कशाला सांगतोय!

गावातल्या विहिरी आटल्या होत्या. तळ्याचं उरलेलं पाणी असं हिरवंगार, की म्हशीसुद्धा तोंड फिरवायच्या. पिण्याजोगं पाणी फक्त तळ्यापलीकडच्या एका विहिरीत. तीही रात्रभर पाझरायची तेव्हा सकाळी एक होडी भरेल एवढं पाणी द्यायची. त्यावर गावाचा दिवस. बाया उजाडायच्या आत काठावर येऊन बसायच्या.  

पाणी आणायचे मारोतीमामा भोई, त्यांच्या वल्ह्यांच्या होडीतून. माझा चुलतभाऊ सोपान पिंपांच्या तराफ्यावरून माणसं आणि दुसऱ्या दिवसासाठी रिकाम्या घागरी पलीकडे न्यायचा. तळं आटून मधे चिंचोळी वाट उरलेली, दोन्हीकडे कमरेएवढा गाळ. समोरासमोर आले की दोघं लांबूनच बोंबलायचे, एक थांबायचा, दुसरा जायचा. एकदा थोडं घासलं आणि एक घागर कलंडली. झालं! सगळे माझ्याकडे.

"दादा, समुद्रात कसं करतेत?" सोपाननं विचारलं.

मी घसा साफ केला. "तिथं नियम असतो. समोरासमोर आलं की दोघांनी आपापल्या उजवीकडं वळायचं. आणि वळताना एक शिट्टी. बोंबलायचं नाही! बोंबलणं हे गावंढळ काम."

"आन् थांबायचं न्हाई?" मारोतीमामा म्हणाले.

"जहाजं थांबतात का मामा?"

"आपल्याला काय ठावं बाबा. तुमी बघून आलाव."

सराव घेतला. कुठे? तळ्याच्या कोरड्या तळावर! कोरडी जागा काय, हवी तेवढी होती. दोघं समोरासमोर चालत आले, शिट्ट्या वाजल्या, दोघं उजवीकडे सरकले, सुरेख निघून गेले. पाच वेळा करून घेतलं. बायांनी बघितलं. मला तर तिथेच बढती मिळाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तराफ्यावर उभा राहिलो. समोरून मामांची होडी, भरलेल्या घागरींनी दबलेली. सोपाननं शिट्टी मारली. मामांनी मारली. सोपाननं बांबू रेटून तराफा उजवीकडे घेतला.

होडीही त्याच बाजूला आली!

"मामा, उजवीकडं!" मी ओरडलो.

"उजवीकडंच घ्यायलोय की!" म्हणत मामांनी आणखी जोर लावला.

धाडकन! होडी आडवी झाली. घागरी एकेक करून त्या हिरव्या पाण्यात गेल्या. मी तराफ्यावरून फेकला जाऊन गाळात बसलो, छातीपर्यंत.

चूक कळली ती तिथे बसल्यावर. अहो, वल्ही मारणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो! सोपान उभा, तोंड पुढे. मामा बसलेले, तोंड मागे. मामांचा उजवा हात ती होडीची डावी बाजू. जमिनीवर मामा सरळ चालले होते, तेव्हा कोणाच्या ध्यानात येणार? आधी सोपान बोंबलला की मामा मान वळवून बघायचे. ते बोंबलणं मीच बंद केलं होतं.

दोघांनी मला ओढून काठावर आणलं. वाटलं, आता शिव्या पडतील. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.  बाया रिकाम्या घागरी घेऊन उठायला लागल्या. त्यात माझी बायकोही होती. लहान पोरं पाणी मागत होती आणि विहीर आता दुसऱ्या दिवशीच देणार होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गयामावशी तेवढ्या माझ्यापाशी थांबल्या. वय झालेलं, डोळ्यांना कमी दिसायचं. पदरानं माझ्या तोंडावरचा गाळ पुसला आणि अगदी मनापासून विचारलं,

"बाळा, समुद्रात पाणी लई असतंय न्हाई?"

"हाव मावशी. लई."

"मंग तिथं चालत असंल," त्या म्हणाल्या आणि रिकामी घागर उचलून घराकडे निघाल्या.