बायकोकडे मागितलेली लाथ

"ही सायाटिका आहे," डॉक्टर म्हणाले. पुण्याच्या दवाखान्यात मी टेबलावर उताणा होतो. त्यांनी माझा डावा पाय सरळ वर उचलला, तेव्हा मी असा ओरडलो, की बाहेर बसलेले पेशंट गप्प झाले.

सायाटिका म्हणजे कमरेतून टाचेपर्यंत जाणारी मोठी नस दाबली जाणं. बिघाड कमरेत आणि कळ पायात. उपाय एकच, महिनाभर फळीवर झोपायचं. नाहीच उतरलं तर ऑपरेशन.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीतल्या नव्या कारखान्यात मी फिटर होतो, दिवसभर उभं राहण्याचं काम. साहेबांनी महिन्याची रजा दिली, पण त्यानंतर उभं राहता आलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, हेही सांगून टाकलं.

फळीवर पंधरा दिवस काढले; उठलोच तर काठीशिवाय पाऊल पडत नव्हतं. ज्यांच्या नशिबी फळी आली असेल त्यांना सांगतो, दुखणं उतरण्याआधी स्वभाव बिघडतो. माझा मुळातच कडक, त्यात ही भर. आमटी गरम आहे म्हणून मी सुमनवर, म्हणजे बायकोवर, ओरडायचो आणि गार आहे म्हणूनही. ती हसून वाटी बदलायची.

आमचे चिंचवडचे घरमालक किसनतात्या एकदा डोकावले. "फळीनं काय व्हतंय राव? पायाळू गाठा. कमरंत एक लाथ बसली की दुखणं पळालंच म्हनून समजा."

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. एरवी मी अशा गोष्टींना हसलो असतो. पण कळ सुटली की माणूस कुणाचंही ऐकतो. तात्यांच्या बैलगाडीतून चिखलीला गेलो. तिथला नावाजलेला पायाळू म्हातारा स्वतःच कंबर धरून घोंगडीवर पडला होता. "माजाच पाय उचलत न्हाई बाबा," तो म्हणाला. येताना गाडीच्या हादऱ्यांनी माझा जीव कासावीस झाला.

दुसऱ्या दिवशी सासूबाई चाकणहून मला बघायला आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "जावईबापू, चिखलीला कशापायी गेला? आमची सुमी पायाळूच हाय की." आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

दहा वर्षांचा संसार, पदरी एक मुलगी, आणि मला हे ठाऊक नव्हतं! मी सुमनच्या मागे लागलो. "नवऱ्याला पाय लावू?" ती म्हणाली. "जलमभर पाप भोगू व्हय?" मी विनवलं, रुसलो, एक दिवस जेवलो नाही. शेवटी बोलू नये ते बोलून गेलो, "मी उभं राहावं असं तुला वाटतच नाही."

दुपारी ती आली. आधी माझ्या पायांवर डोकं टेकवलं, मग पदर खोचून माझ्या कमरेवर पाय ठेवला. मी दात आवळून वाट बघत राहिलो. पाय तसाच होता. मग ती खाली बसली आणि रडायला लागली. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून तिची दोन स्थळं मोडली होती. तेव्हापासून माहेरच्यांनी ही गोष्ट लपवली. "वळीव आला की मी वसरीवर जाऊन बसते ती त्याच्यापायी," ती म्हणाली. "पडली तर माज्यावर पडंल. तुमच्यावर नि पोरीवर नको."

आणि मी समजत होतो, हिला पाऊस बघायला आवडतो.

रजेचे चार दिवस उरले असताना आभाळ कडाडलं. सुमन उठून बाहेर गेली. मला राहवेना. भिंत धरून उठलो आणि ओसरीवर तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. "अहो, आत व्हा, वीज पडंल!"

"पडू दे दोघांवर," मी म्हणालो. तिने वर बघितलं, तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं, की मी काठी घेतलेली नाही.

सोमवारी कामावर गेलो. थंडीत पाय अजून बोलतो, पण उभा राहतो. लाथेची गोष्ट ऐकून डॉक्टर गंभीर झाले. "कमरेला तसा धक्का बसला असता, तर पाय कायमचा लुळा पडला असता. बाईंनी वाचवलं तुम्हाला."

दुखण्याने बेजार झालेल्यांनो, कुणी काही सांगितलं तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सुमन, तोंडावर कधी म्हणायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितो. न मारलेल्या त्या लाथेबद्दल मी तुझा जन्माचा ऋणी आहे.