आकडा कोण काढतं?

“म्याडम, मी खोटं नाय बोलनार. पण तेव्हा जे बोललो होतो, ते आता माज्याच्यान नाय बोलवत.”

गंगाराम मला हे कोर्टाच्या व्हरांड्यात सांगत होता. अकराला आमची केस पुकारणार होते, आणि माझा एकुलता एक कामाचा साक्षीदार टोपी हातात घेऊन फरशीकडे बघत उभा होता. मी चिडकी आहे, हे आमच्या कोर्टाचा शिपाईसुद्धा सांगेल. मी फाइल त्याच्या नाकासमोर धरली.

“अहो गंगाराम, हा जबाब तुमचाच ना?”

“माजाच.”

“मग झालं काय? कोणी दम दिला? कोणी काही देऊ केलं?”

“नाय वो. देवाशपथ नाय. अकरा वर्षं झाली, म्याडम. तेव्हा राग होता.”

मी महाडला राहते. सहायक सरकारी वकील म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. गुन्हा झाला की सरकारतर्फे कोर्टात तो शाबीत करायचा, हे आमचं काम. या केसमध्ये ते मला जमलं नाही, आणि त्यात माझा वाटा किती, ते सांगायला बसले आहे.

पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या बाजूला डोंगरावर एक वाडी आहे. नाव सांगत नाही. वीस-पंचवीस घरं, निम्म्यांना कुलूप, माणसं मुंबईला. मागे राहिलेले नाचणी-वरी करतात, गुरं राखतात. रानडुकरं शेतात शिरली की सकाळी हाताला काही लागत नाही. म्हणून लोक शेताभोवती उघडी तार ओढतात आणि वरून जाणाऱ्या विजेच्या लाइनवर आकडा टाकतात. आकडा म्हणजे बांबूच्या टोकाने लाइनला अडकवलेली वाकडी तार. त्यातून कुंपणात करंट उतरतो. बेकायदा आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातल्या त्यात एक नियम पाळतात. अंधार पडला की आकडा टाकायचा, उजाडताना काढायचा.

महादेवने एक दिवस तो काढला नाही. त्याला महाडच्या बाजाराला जायची पहिली गाडी गाठायची होती. सकाळी सातच्या सुमाराला त्याच्याच भावकीतली नंदा, तेरा वर्षांची पोर, दावणीतून सुटलेल्या पाडीमागे धावत गेली आणि तारेला चिकटली. नंदा त्याला काका म्हणायची. शेजारच्या शेतातून गंगाराम धावला, त्याने बांबूने आकडा पाडला, पण तोवर सगळं संपलं होतं. आदल्या संध्याकाळी तो आकडा टाकताना महादेवला त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेव्हाचा जबाब मला अजून पाठ आहे. “महादेवनेच मारली. त्यालाच त्या तारेला बांधा.” सगळी वाडी हेच म्हणत होती. महादेवच्या दारात कोणी जात नव्हतं. नंदाचे दिवस झाल्यावर लोकांनी आपापल्या तारा गुंडाळून देवळापुढे आणून टाकल्या आणि नारळ ठेवून शपथ घेतली, वाडीत पुन्हा तार नाही.

कोर्टात मात्र रागाला पुरावा लागतो. ते शेत चार भावांचं सामाईक. विजेच्या इन्स्पेक्टरच्या रिपोर्टात करंट कुठून आला ते होतं, कोणाच्या हाताने आला ते नव्हतं. ते एकटा गंगाराम सांगू शकत होता. आणि पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब म्हणजे पुरावा नाही. साक्षीदाराने कोर्टात उभं राहून तेच स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगावं लागतं.

दुसऱ्या वर्षी गंगाराम ते सांगायला चार वेळा आला होता. दोन तास डोंगर उतरून, मग एसटीने. धुतलेला सदरा, ताठ मान. “आज सांगू ना, म्याडम?” चारही वेळा मी त्याला परत पाठवलं. एकदा न्यायाधीश रजेवर होते. उरलेल्या तीन तारखा माझ्या. एकदा मी फाइल वाचली नव्हती. एकदा दुसरी मोठी केस निघाली. आणि एकदा माझ्या मुलीची पुण्याला कॉलेजची अ‍ॅडमिशन होती, म्हणून मी अर्ज देऊन मोकळी झाले. मला जराही टोचलं नाही. साक्षीदार कुठे पळून जातोय, असंच वाटलं होतं. त्यानंतर न्यायाधीशांची बदली, आरोपीच्या वकिलाचं आजारपण, मग फाइल वरच्या कोर्टात जाऊन पडली. ती परत आली तेव्हा अकरा वर्षं उलटली होती.

“वाडीत आता काय म्हणतात?” मी व्हरांड्यात त्याला विचारलं.

“नंदाचं नशीब, म्हनतात.”

“आणि महादेव?”

“तो आता सगळ्यांच्या पुढं असतो. देवळाचं काम त्यानेच उभं केलं. गेल्या साली नंदाचा बापूस आजारी पडला, तेव्हा डोलीला पयला खांदा त्याचाच होता. खाली रस्त्यापातूर आनला त्याला.” मग हळू आवाजात म्हणाला, “आन म्याडम, तारा पुन्ना आल्या. माज्या बी शेताला हाय. मी कुठल्या तोंडाने त्याला गुन्हेगार बोलू?”

काय बोलणार, कपाळ! दम दिला असता, पैसे चारले असते तर मला भांडता आलं असतं. हा माणूस खरंच बदलला होता. त्याच्या नजरेत तो गुन्हाच उरला नव्हता, एक जुनी दुःखाची गोष्ट उरली होती.

पुकारा झाला. मी विचारलं, “आकडा कोणी टाकला होता?”

“ध्यानात नाय.”

मी त्याला फितूर ठरवायची परवानगी मागितली. साक्षीदार आपल्याच बाजूवर उलटला की त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारता येतात, त्यासाठी हे करतात. मी अख्खा जबाब वाचून दाखवला. तो म्हणाला, “असं बोललो असंन. आता ध्यानात नाय.” मी आवाज चढवला. न्यायाधीश तरुण होते, नंदा गेली तेव्हा कॉलेजात असतील. ते समजुतीने म्हणाले, “मॅडम, अकरा वर्षांपूर्वीचं आहे हो हे.”

जेवणाच्या सुट्टीनंतर नंदाची आई शेवंता उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. पाडी कोणत्या बांधावर होती, नंदाच्या हातात काय होतं, तोंडातून आवाज आला की नाही. तिला काही आठवावं लागत नव्हतं. मग आरोपीचे वकील उठले. ही उलटतपासणी.

“बाई, तुमच्या शेताला आज कसलं कुंपण आहे?”

शेवंताने माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे. मला माहीत नव्हतं.

“तार हाय.”

“करंट सोडता?”

“रातीचा सोडतात.”

“म्हणजे जे केलं म्हणून तुम्ही महादेवला इथे उभं केलंत, तेच तुम्ही आज करता.”

“डुकरं काय ठेवत नाय, साहेब.”

“हो की नाही, तेवढं सांगा.”

“हो.”

वकील बसले. अशा वेळी सरकारी वकिलाला फेरतपासणीचा हक्क असतो. विरुद्ध बाजूने घातलेला घोळ निस्तरायला आपल्या साक्षीदाराला आणखी दोन-चार प्रश्न विचारता येतात. न्यायाधीशांनी विचारलं, “फेरतपासणी?” मी म्हटलं, “नाही.” खरं सांगते, मला तिचा संताप आला होता. सकाळपासून माझी केस माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती, आणि शेवटचा दगड हिने बांधला असं वाटलं.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलंच.

“शेवंताबाई, ज्या तारेने पोर गेली, तीच तार तुम्ही लावलीत? तुम्ही?”

“मालकांनी लावली, बाई. मी चार दिस जेवले नाय. मालक बोलले, पोटाला तरी काय घालायचं? मग मी बोलले, लावा, पन आकडा मी काढनार. कुनावर सोडायचा नाय.” ती पदराने तोंड पुसत होती. “दिसायला लागायच्या आत उठते. काढते, घरात आनून ठेवते, मग गुरं सोडते. पाच वर्षं झाली. तापात बी चुकले नाय. म्हायेरला एक वस्ती नाय केली.”

“अहो, मग हे मघाशी आत का नाही सांगितलंत?”

“कोनी इचारलंच नाय.”

महादेवच्या तारेत आणि तिच्या तारेत जो फरक होता, तोच तर गुन्हा होता. एक प्रश्न विचारायचा होता, आकडा कोण काढतं? मला माहीत नव्हतं, ठीक आहे. पण तिने माझ्याकडे बघितलं होतं, आणि मी रागात होते.

उगाच स्वतःला फसवत नाही. तो प्रश्न विचारला असता तरी महादेव सुटलाच असता, कारण गंगाराम हातचा गेला होता. पण कागदावर तिचं म्हणणं राहिलं असतं. आता तिथे नुसतं ‘हो’ आहे.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. शेवंता एकटीच आली होती.

“म्हंजे काय झालं, बाई?”

“सुटला.”

“मग नंदा कशानं गेली?”

मी फाइलची नाडी बांधली आणि तिला घेऊन बाहेर आले.

बाहेर महादेव जीपपाशी उभा होता. म्हातारा दिसत होता, डोळे लाल झाले होते. आनंदाने की कशाने, मला कळलं नाही. तो म्हणाला, “वैनी, येते का? वर जायाला आता दुसरी गाडी नाय.”

मला वाटलं, ही थुंकेल त्याच्या तोंडावर. तिने पदर खोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “जाते, बाई. उजाडायच्या आत मला तिथं पायजे.” आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

नव्याने लागलेले सरकारी वकील कधी भेटायला येतात. त्यांना मी एवढंच सांगते, साक्षीदार पहिल्यांदा येईल त्याच दिवशी त्याची साक्ष घ्या, तारीख मागू नका. सगळ्यांना पटतं. साक्षीदाराला परत पाठवणं म्हणजे पापच, असं त्यातली एक मुलगी कळवळून म्हणाली. परवा जुन्या ओळखीने कोर्टात गेले होते. त्याच मुलीने साक्षीला आलेल्या एका बाईला दारातूनच सांगितलं, आज होणार नाही, पुढच्या तारखेला या.