बाबांच्या घड्याळाची केस

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या भावालाही नाही. आताही सांगितलं नसतं — पण परवा करंजाड्याला भावाकडे जेवायला गेले आणि माझं डोकंच फिरलं.

बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांचं खिशातलं घड्याळ भावाने जुन्या घड्याळांच्या एका जाणकाराला दाखवलं होतं. यंत्र केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीत, दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, त्यांचे ओरखडे केसच्या कडेवर उठतात. आमच्या केसवर ओरखड्यांच्या दोन वेगवेगळ्या जोड्या निघाल्या, आणि आमच्या स्क्रूंशी जुळणारी त्यांतली एकच. म्हणजे केस मूळची नाही, दुसऱ्या घड्याळाची. "बघ, बाबांचंच खरं होतं!" भाऊ सुनेसमोर, व्याह्यांसमोर म्हणाला. "त्या हैदरनेच बदलली!" आणि सगळे हसले. असा संताप आला मला! ज्या माणसाने कधी कुणाचा एक स्क्रूसुद्धा ठेवून घेतला नाही, त्याच्यावर भरल्या ताटावर बसून हसायचं? लाज नाही वाटत?

आणि मी काय केलं? आमटी वाढून घेतली.

हैदरचाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तळ्याजवळ होतं. बाबा घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. मी तेव्हा कॉलेजात होते. ऑइलिंगला दिलेलं घड्याळ आणायला मला पाठवलं, चाचांनी ते मऊ कपड्यात गुंडाळून दिलं. मी घरी गेलेच नाही — कॉलेजात मिरवायला नेलं. जिन्यावर हातातून सुटलं. केस चेपली, झाकणाची बिजागरी तुटली. घरी सांगितलं, चाचांचं काम अजून झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाऊन, जिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं तिथे, तशीच दिसणारी जुनी केस बसवून घेतली. मोडकी केस खाडीत टाकली.

झाकण मिटल्याचा आवाज ऐकताच बाबा म्हणाले, ही आपली केस नाही. आईला आणि भावाला फरक दिसेना. बाबा मला घेऊन तडक दुकानात गेले. भर बाजारात नाही नाही ते बोलले. लोक जमले. चाचा एवढंच म्हणाले, "गार्डसाहेब, केस तीच होती. बेटीला विचारा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं — नक्की कळलं होतं.

मी म्हणाले, "चाचांनी दिलं तसंच आणलंय मी."

त्यानंतर आमच्या आळीतलं एकही घड्याळ त्या दुकानात गेलं नाही. वर्षभरात दुकान बंद झालं. आता बाबा नाहीत, चाचाही नाहीत. बाबा त्यांना चोर समजूनच गेले.

घाबरले होते का मी? हो. पण घाबरलेली मुलगी गप्प बसली असती. मी बोलले. गार्डसाहेबांची मुलगी आणि हैदर घड्याळवाला — यांत लोक कुणाचं खरं मानतील, हे मला तिथे उभ्या उभ्या पक्कं ठाऊक होतं. म्हणून बोलले.