खबर नको, कापूस दाखवा

अमेरिकेतली लढाई थांबल्याची बातमी मुंबईहून वऱ्हाडात आली आणि कापसाचा भाव कोसळला. त्या उन्हाळ्याच्या शेवटी अकोल्याच्या बाजारातल्या एका पारख्यांनी बायबलचे वाचन थांबवले. रोज एक अध्याय, असे सव्वातीन वर्षे चालले होते. नऊ अध्याय उरले होते.

पारखी म्हणजे कापूस हाताळून त्याची प्रत सांगणारा माणूस. गाडी उभी राहिली की ते पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, तळची चिमूटभर रुई ओढून काढत आणि धागा लांबवून आपल्या काळ्या बाहीवर ठेवत. मग प्रत सांगत. ती मुंबईपर्यंत चाले. शेतकऱ्याने रामराम केला, की त्याला पुढे बोलू न देता म्हणत, "खबर नको. कापूस दाखवा."

मी तेव्हा मुंबईच्या एका वर्तमानपत्राला अकोल्याहून बाजाराचे पत्र लिहीत असे. खबर हाच माझा धंदा. त्यामुळे मला पाहिले की हा पन्नाशीचा माणूस दोन गाड्यांच्या मधून पलीकडे निघून जाई. सुरुवातीला मला वाटले, मी भाव फोडतो म्हणून राग असेल. कारण वेगळे निघाले.

त्यांचा धाकटा भाऊ नागपूरला शिकायला गेला आणि तिथे ख्रिस्ती झाला. दर्यापूरकडच्या त्यांच्या गावी घराण्याने त्याच्या नावाने पाण्याचा घट फोडला. घट फोडला की तो माणूस घराण्याला मेला. वडील नव्हते, तेव्हा हे काम थोरला भाऊ म्हणून ह्यांच्याकडे आले. त्यांनी ते केले. पुढे भाऊ अमरावतीला एका साहेबाच्या कापूस-कचेरीत कारकून झाला. हे त्याला परत आणायला गेले आणि दारात उभे राहून ओरडले. भावाने आतून एक जाड पुस्तक आणून त्यांच्या हातात दिले.

"दादा, आधी हे अख्खं वाच. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

"वाचतो. तोवर तुहं तोंड पायनार नाई."

हे संभाषण त्यांनीच मला पुढे सांगितले. तोंड पाहणार नाही हे आपण रागात बोललो, पण बोललो ते बोललो, असेही म्हणाले. म्हणजे पुस्तक संपल्याशिवाय भावाची भेट नाही.

ग्रंथ वाचण्याची त्यांना एकच रीत ठाऊक होती, पोथीच्या पारायणाची. स्नान करून, मोठ्याने, रोज एक अध्याय. व्यापाराची मोडी ते भराभर वाचत, पण छापील बाळबोध अक्षरांवरून बोट फिरवावे लागे. पाटावर बसत आणि पाच ओळींत उठत. मग पुस्तक हातावर घेऊन, त्यांची खोली होती त्या अडतीच्या ओट्यावर येरझाऱ्या घालत वाचत. अध्याय संपला की हात जोडत. ओट्याखाली बैल सोडणारे लोक ऐकत असत. मी समोर राहत असल्यामुळे जवळपास अर्धे बायबल असे रस्त्यापलीकडून ऐकले आहे.

पारायणाचा आणखी एक नियम असतो. मध्ये खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. घराण्यात कोणी वारले की दहा दिवस सुतक, आणि सुतकात पोथीला हात लावायचा नाही. पहिल्याच वर्षी, बायबलातल्या दुसऱ्या पुस्तकात असताना, गावाहून चुलत आजी गेल्याची बातमी आली. त्यांनी पुस्तक कपड्यात बांधून ठेवले आणि सुतक फिटल्यावर जगाच्या उत्पत्तीपासून पुन्हा सुरुवात केली. तो शिमग्याचा सुमार होता. त्यानंतर ते शहाणे झाले. दूरगावच्या मृत्यूचे सुतक बातमी कानी पडल्यावर लागते. बातमीच कानी पडू द्यायची नाही, असा त्यांनी उपाय काढला.

तेव्हापासून दर्यापूरकडची गाडी दिसली की ते बाजाराच्या दुसऱ्या टोकाला असत. पत्रे अडतीतल्या मुनिमाने आधी वाचायची आणि उत्तर धाडायचे आहे का, एवढ्यापुरते त्यांना फक्त "हो" किंवा "नाही" सांगायचे. एकदा गावचा एक शेतकरी मुद्दाम त्यांच्या मागे धावला. हे कापसाच्या ढिगावर चढले आणि दोन्ही कानांत रुईचे बोळे कोंबले.

"पारखीबुवा, ऐकून तं घ्या!"

"खबर नको! कापूस दाखव!"

"अहो, म्हैस व्याली म्हून सांगून राहिलो!"

त्या दिवशी बाजार बराच वेळ हसत होता. तेही हसले, पण तो शेतकरी गाडी घेऊन जाईपर्यंत ढिगावरून उतरले नाहीत.

मी एकदा म्हणालो, "हे पाद्र्यांचं पुस्तक. पाद्री कुठे सुतक पाळतात?"

"नसतीन पाळत. वाचून तं मी राहिलो ना."

पुस्तकाबद्दल त्यांच्या तक्रारी होत्या. एवढे वाचून काय फळ मिळते ते कुठेच लिहिलेले नाही. आमच्या पोथीत शेवटी सांगतात, निपुत्रिकाला पुत्र, रोग्याला आरोग्य. "इथं फलश्रुतीच नाई, खबरवाले. नुसतं वाचा अन् वाचा." पण वंशावळी त्यांना आवडत. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी पानेच्या पाने इतरांना कंटाळा आणतात. ते ती भाटाच्या थाटात, ठेक्यात म्हणत. एका जागी, दोन जातींचे सूत एका वस्त्रात मिसळू नये, असा नियम सापडला. त्यानंतर आठवडाभर, नव्या रुईत जुनी मिसळून आणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी तो ऐकवला.

"हे पाय, थेट देवानं सांगतलं हाये. भेसळ नाई चालत."

"कोनत्या देवानं?" एकाने विचारले.

"ते मंग पाहू. गाडी मांगं घे."

त्या वर्षांत वाचकांपैकी कोणी अकोल्यात असतील तर त्यांना आठवेल, कोणी एका जागी उभे राहत नव्हते. सकाळचा भाव दुपारी नसे. बैलांच्या शिंगांना चांदी आली होती. ह्या माणसाची घाई तेवढी वेगळी होती. तो अध्याय मोजत होता. दोन का वाचत नाही, लवकर संपेल, असे मी सुचवले तेव्हा म्हणाले, "रोज एक म्हंजे एक. घाईनं वाचलं तं तो इचारंल अन् मले सांगता येनार नाई." तो, म्हणजे भाऊ.

नऊ अध्याय उरले त्या सकाळी मला अमरावतीच्या बातमीदाराचे पत्र आले. भाव, आवक, पटकीच्या साथीचा जोर, आणि शेवटी एक ओळ. साहेबाच्या कचेरीतला ख्रिस्ती कारकून पटकीने गेला, त्याचे वडील बंधू अकोल्यास पारखी असल्याचे समजते. मृत्यू होऊन चार दिवस झाले होते.

मी नऊ दिवस गप्प बसू शकलो असतो. त्यांनी पुस्तक संपवले असते, अमरावतीची गाडी केली असती आणि त्या दारात जाऊन भावाला हाक मारली असती. मी पत्र घेऊन रस्ता ओलांडला.

त्यांचे त्या दिवशीचे वाचन नुकतेच आटोपले होते. मला पाहताच ते ओट्याच्या दुसऱ्या पायऱ्यांकडे वळले.

"खबर नको, खबरवाले."

"ह्या खबरीचं सुतक तुम्हाला लागत नाही असं लोक म्हणतील," मी म्हणालो.

ते थांबले. असा एकच माणूस होता. त्यांनी नाव विचारले नाही. "कवा?" एवढेच विचारले. मी सांगितले. त्यांनी बोटांवर दिवस मोजले, पुस्तक कपड्यात बांधले आणि पागोटे, बंडी, उपरणे, सगळ्यांसकट मोर्णेच्या पात्रात उतरले. उन्हाळ्याचे पाणी गुडघ्याएवढे होते. डोके भिजावे म्हणून त्यांना आडवे व्हावे लागले. नेसत्या कपड्यांनी असे स्नान सख्खा माणूस गेल्याची बातमी कळली की करतात. नदीवर बायका होत्या, गाडीवान होते. सर्वांनी पाहिले.

संध्याकाळी त्यांचे चुलते आले. ते मोठ्याने बोलले म्हणून मला ऐकू आले.

"त्याचा घट फुटला, बापा! मेलेल्याचं दुसऱ्यांदा कायचं सुतक? तू सुतक धरशील तं तूही पंगतीतून उठशील."

"घट म्याच फोडला होता, काका. मातीचा होता तो."

चुलते पाणी न पिता गेले. दहातले जे सहा दिवस उरले होते ते पारख्यांनी पाळले. बाजारात त्या सहा दिवसांत प्रत सांगायला कोणी नव्हते. भाव तसाही पडलेलाच होता. सातव्या दिवशी त्यांनी स्नान करून पुस्तक कपड्यातून सोडले, पहिला अध्याय उघडला, बोट ठेवले आणि न वाचताच ते पुन्हा बांधले. दुपारी ते अमरावतीच्या गाडीत बसले. कोणाला निरोप दिला नाही.

पुढचे मला त्यांच्या भावजयीने सांगितले. पावसाळ्यात मी कामानिमित्त अमरावतीस गेलो तेव्हा तिच्या दारात उभा राहून विचारले. ती मिशनच्या शाळेत शिकलेली, मोजके बोलणारी बाई होती. पारखी कापूस पाहायला बाजारात गेले होते.

ती म्हणाली, ते आले तेव्हा दारातूनच बोलले. "नऊ अध्याय राहिले, बाई. तो मले इचारनार होता."

तिने सांगितले, "भाऊजी, त्यांनी स्वतःच कधी अख्खं वाचलं नव्हतं. दर वर्षी नव्यानं सुरू करायचे. राजांच्या गोष्टी संपून ह्या नावांच्या याद्या आल्या, की डोळा लागायचा."

मग तिने नवऱ्याची प्रत आणून दाखवली. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात, सातव्या अध्यायाशी दोरा होता. पारखी त्या पानाकडे पाहून हसले, असे ती म्हणाली. बराच वेळ हसत होते, आणि मग तिला त्यांच्याकडे बघवेना. नंतर त्यांनी डोळे पुसले आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.

"नावं मी वाचतो. मले येतात."

त्यांनी त्याच ठिकाणापासून, भावाच्या प्रतीतून, आठवा अध्याय वाचला. दुसऱ्या दिवशी नववा. त्यांनी अमरावतीतच काम धरले. अकोल्याची खोली त्यांनी सोडल्याचे मुनिमाने मला सांगितले.

दिवाळीनंतर अमरावतीच्या बातमीदाराच्या पत्रात, नव्या कापसाच्या भावाखाली, मी विचारले होते म्हणून एक ओळ आली. पारखी भावजयीच्या ओट्यावर रोज सकाळी वाचतात आणि ती आत भाकरी थापताना ऐकते. त्या दिवशी ते गीतांच्या पुस्तकात, अठराव्या गीतावर होते.